कायमचा पत्ता : घोड्याची पाठ

ॲडमिशनपासून परीक्षेपर्यंत आपण जेवढे फॉर्म भरतो, त्या प्रत्येकावर दोन चौकटी असतात. एक तात्पुरता पत्ता आणि दुसरा कायमचा पत्ता. पहिल्या चौकटीत आपण होस्टेलची रूम लिहितो आणि दुसऱ्या चौकटीत गाव. या लेखातल्या माणसाला दुसरी चौकट भरता आली नसती. तो ४४ वर्षं अमेरिकेत राहिला, पण त्याचं स्वतःचं असं घर तिथे कधीच नव्हतं. फॉर्म भरायची वेळ आली असती, तर बिचाऱ्याने घोड्याची पाठ असंच लिहिलं असतं!

त्याचं नाव फ्रान्सिस ॲस्बरी. आता मी मेकॅनिकलचा विद्यार्थी, कॉलेजच्या अंकात एका धर्मोपदेशकाबद्दल का लिहितोय, असा प्रश्न तुम्हाला पडला असेल. मलाही पडला होता. त्याचं उत्तर एका घरात आहे, आणि ते घर मला दाखवलं माझ्या आजीने. तेही न पाहता.

झालं असं, की माझा आतेभाऊ नोकरीनिमित्त अमेरिकेत मेरीलँड राज्यात असतो, बाल्टिमोर शहराजवळच्या पेरी हॉल या गावात. मागच्या दिवाळीत दादाने आजीसाठी फोटो पाठवले. त्यात एक फोटो टेकडीवरच्या जुन्या, ऐसपैस घराचा होता. त्या घरावरूनच गावाला पेरी हॉल हे नाव पडलं, घर अडीचशे वर्षांचं जुनं आहे, वगैरे माहिती दादाने खाली लिहिली होती. आम्ही सगळे वा वा करत होतो. आजीने फोटो डोळ्यांजवळ धरून बराच वेळ बघितला आणि विचारलं, एवढ्या मोठ्या घराची झाडलोट कोण करत असंल रे?

माझे आजोबा सालगडी होते. एका मोठ्या वाड्यावर त्यांनी २२ वर्षं सालं घातली आणि आजीने त्याच वाड्याचं अंगण झाडलं. त्यामुळे मोठं घर दिसलं की तिला आधी झाडू आठवतो, खांब नंतर दिसतात. तिच्या प्रश्नाचं उत्तर शोधायला बसलो आणि ॲस्बरीची गाठ पडली.

फ्रान्सिसचा जन्म ऑगस्ट १७४५ मध्ये इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमजवळ झाला. वडील जोसेफ श्रीमंतांच्या बागांमध्ये माळीकाम करायचे. त्याच्या आधीची बहीण लहानपणीच वारली. त्या दुःखातून आई एलिझाबेथ पुस्तकांकडे आणि देवधर्माकडे वळली, आणि तिने या एकुलत्या एक पोराला वाचायला लावलं. पण शाळेतले मास्तर असे मारकुटे होते, की तेराव्या वर्षाच्या आतच फ्रान्सिसने शाळा सोडली. पुढे सहा-साडेसहा वर्षं तो धातुकाम करणाऱ्या कारागिराकडे उमेदवारी करत होता. म्हणजे आपल्या भाषेत सांगायचं तर पठ्ठ्याने फिटिंग आणि स्मिदी केली होती, तीही जर्नल न लिहिता!

बर्मिंगहॅमच्या आसपास तेव्हा भट्ट्या, हातोडे आणि कारखाने वाढत होते. तिथल्या कामगारांमध्ये जॉन वेस्ली नावाच्या पाद्र्याची चळवळ पसरत होती. वेस्ली आणि त्याचे मित्र ऑक्सफर्डला शिकत असताना प्रार्थना, अभ्यास, तुरुंगातल्या कैद्यांना भेटणं, सगळं वेळापत्रकाप्रमाणे करायचे. म्हणून बाकीची पोरं त्यांना मेथडिस्ट म्हणून चिडवायची. म्हणजे पद्धतवाले! चिडवायला ठेवलेलं नाव पुढे पंथाचंच नाव झालं. साधारण बारा-बारा जणांचे गट, प्रत्येक गटाला एक म्होरक्या, दर आठवड्याला बैठक, आणि ऐपत असेल त्याने एक पेनी वर्गणी. खरं म्हणजे ही वर्गणी १७४२ मध्ये ब्रिस्टलमधल्या एका इमारतीचं कर्ज फेडण्यासाठी सुरू झाली होती. पण वर्गणी गोळा करायला म्होरक्या घरोघर जाऊ लागला, त्याला लोकांच्या अडचणी कळू लागल्या आणि त्यातून संघटना उभी राहिली. बचत गट किंवा भिशी ज्यांनी जवळून पाहिली आहे, त्यांना यातली गंमत लगेच कळेल.

फ्रान्सिस सतरा-अठराव्या वर्षापासूनच आजूबाजूच्या गावांत प्रवचनं करू लागला. २१ व्या वर्षी त्याने कारागिरी सोडली आणि पूर्णवेळ फिरता उपदेशक झाला. १७७१ साली ब्रिस्टलच्या सभेत वेस्लीने विचारलं, अमेरिकेला जायला कोण तयार आहे? हात वर करणाऱ्यांमध्ये हा होता. वय २६. खिशात मित्रांनी जमवून दिलेले दहा पौंड. जहाजावर अंथरूणसुद्धा नव्हतं, दोन ब्लँकेटं घेऊन तो फळ्यांवर झोपला. २७ ऑक्टोबर १७७१ ला तो फिलाडेल्फियाला उतरला आणि नंतर इंग्लंडला कधीच परतला नाही. आईवडिलांना तो पैसे पाठवत राहिला, पत्रं लिहीत राहिला, पण त्यांची भेट मात्र पुन्हा झाली नाही. हे वाचताना मला दादा आठवला आणि खरं सांगतो, गलबलून आलं.

अमेरिकेत तेव्हा सगळे मिळून जेमतेम सहाशे मेथडिस्ट होते. ॲस्बरीच्या आधी आलेले उपदेशक शहरांत मुक्काम ठोकून बसले होते. थंडीत तर कुणी हलायलाच तयार नव्हतं. ॲस्बरीला हे पटलं नाही. लोक खेड्यांत आणि जंगलांत आहेत, मग आपण शहरात काय करतोय, हा त्याचा साधा सवाल. त्याने सर्किटची पद्धत रेटून धरली. (इलेक्ट्रिकलवाल्यांनी दचकू नये, हे सर्किट वेगळं!) वीस-तीस ठिकाणांचा एक फेरा ठरवायचा, काही आठवड्यांत घोड्यावरून तो पूर्ण करायचा, की पुन्हा पहिल्या ठिकाणापासून सुरू. कुठलाही उपदेशक एका जागी फार काळ ठेवायचा नाही, बदली करायची. बदलीचा हुकूम काढणारा साहेब स्वतः मात्र सगळ्यांत जास्त फिरायचा.

मी थोडं गणित केलं. अभ्यासकांच्या अंदाजाप्रमाणे ॲस्बरीने आयुष्यात सुमारे २,७०,००० मैल प्रवास केला. म्हणजे साधारण ४ लाख ३४ हजार किलोमीटर. पृथ्वीपासून चंद्राचं सरासरी अंतर आहे ३ लाख ८४ हजार. ४४ वर्षांत भागलं तर ऊन, पाऊस, बर्फ, आजारपण धरून रोजचे २६-२७ किलोमीटर पडतात. ॲपलेशियन पर्वत त्याने साठेक वेळा ओलांडला. दमा, संधिवात, घशाचे विकार हे सोबतीला होतेच. लग्न केलं नाही. पगार आधी वर्षाला ६४ डॉलर, पुढे ८०. त्यातलाही काही भाग वाटून टाकायचा.

१७७५ मध्ये स्वातंत्र्ययुद्ध पेटलं. तिकडे वेस्लीने इंग्लंडच्या राजाची बाजू घेऊन पत्रक छापलं आणि इकडे सगळे मेथडिस्ट हेर ठरले. वेस्लीने पाठवलेले बाकीचे इंग्रज उपदेशक एकेक करून मायदेशी निघून गेले. ॲस्बरी राहिला. पण मेरीलँडने मागितलेली निष्ठेची शपथ त्याने घेतली नाही, म्हणून १७७८ मध्ये त्याला शेजारच्या डेलावेअरमध्ये न्यायाधीश थॉमस व्हाइट यांच्या घरी आसरा घ्यावा लागला. व्हाइटनाच अटक झाली, तेव्हा ॲस्बरी दलदलीत लपून बसला होता. कुणाच्या तरी घराच्या आडोशानेच ही चळवळ तगली. आणि ही घरं होती जमीनदारांची.

आता येतं आपलं फोटोतलं घर.

हॅरी डॉर्सी गॉफ नावाच्या एका तरुण श्रीमंताने १७७४ मध्ये बाल्टिमोरजवळ हजारेक एकरांची इस्टेट घेतली आणि तिला पेरी हॉल नाव दिलं. त्या भागात तंबाखू पिकायचा आणि तो पिकवायचे आफ्रिकेतून धरून आणलेले गुलाम आणि त्यांची मुलंबाळं. गॉफ तसा ऐषआरामी. मित्रांबरोबर टिंगल करायला म्हणून तो ॲस्बरीच्या प्रवचनाला गेला आणि अंतर्मुख होऊन परतला. त्यानंतरची एक कथा मेथडिस्ट लोक सांगत आले आहेत. एकदा मळ्यावर फिरताना गॉफला एका गुलामाची प्रार्थना ऐकू आली. अंगावर धड कपडा नसलेला तो माणूस देवाचे आभार मानत होता! आपल्याकडे सगळं असून आपण कधी आभार मानले नाहीत, या विचाराने गॉफ हलला. १७८० मध्ये त्याने ४५ गुलामांना मुक्त केलं.

त्याच वर्षी मेथडिस्ट उपदेशकांच्या सभेनेही ठराव केला, की गुलामगिरी देवाच्या, माणसाच्या आणि निसर्गाच्या नियमांविरुद्ध आहे. पुस्तकी ठराव नव्हता तो. फ्रीबॉर्न गॅरेटसन नावाच्या तरुण उपदेशकाने तर १७७५ मध्येच आपल्या वाट्याचे सगळे गुलाम मोकळे केले होते.

युद्ध संपलं. १७८४ मध्ये वेस्लीने डॉ. थॉमस कोक यांना अमेरिकेला पाठवलं. १४ नोव्हेंबरला डेलावेअरमधल्या बॅरेट चॅपलमध्ये कोक आणि ॲस्बरी भेटले. वेस्लीने तुम्हाला प्रमुख नेमलंय, असं कोकने सांगितल्यावर ॲस्बरी काय म्हणाला असेल? नेमणूक नको, इथल्या उपदेशकांनी मत देऊन निवडलं तरच घेईन. नुकत्याच स्वतंत्र झालेल्या देशाची हवा त्याने बरोबर ओळखली होती. गॅरेटसन निरोप घेऊन निघाला आणि सहा आठवड्यांत १,२०० मैल घोडदौड करून त्याने उपदेशकांना गोळा केलं. (आपल्याकडे व्हॉट्सॲपवर मेसेज टाकूनही मीटिंगला चार जण येतात!)

सभेच्या आधीचा आठवडा कोक, ॲस्बरी आणि त्यांचे सोबती पेरी हॉलमध्ये राहिले. बाहेर डिसेंबरची थंडी, आत शेकोटी, आणि टेबलावर नव्या चर्चची नियमावली. २४ डिसेंबरला बाल्टिमोरच्या लव्हली लेनमध्ये सुमारे साठ उपदेशक जमले आणि मेथडिस्ट एपिस्कोपल चर्च स्थापन झालं. ॲस्बरीला एकमताने निवडून ओळीने तीन दिवसांत तीन पायऱ्या चढवण्यात आलं. नियमावलीत एक कलम असं होतं, की गुलाम बाळगणाऱ्या प्रत्येक सभासदाने वर्षभरात कायदेशीर कागद करून टप्प्याटप्प्याने सगळ्यांची मुक्तता लिहून द्यावी. नाहीतर चर्च सोडावं.

हे कलम मी तीनदा वाचलं. १७८४ साल! अमेरिकेतली गुलामगिरी कायद्याने संपायला अजून ८१ वर्षं होती. आणि लगेच मनात आजीचा प्रश्न आला. ही नियमावली ज्या खोलीत तयार झाली, तिथली शेकोटी कुणी पेटवली असेल? जेवणाची ताटं कुणी उचलली असतील? कारण १७८० मध्ये ४५ जण सुटले, तरी त्यानंतरही पेरी हॉलवर गुलाम राबतच होते.

पुढची गोष्ट फार पटकन घडते. एप्रिल १७८५ मध्ये नव्या चर्चची पहिली वार्षिक बैठक नॉर्थ कॅरोलायनात ग्रीन हिल या जमीनदाराच्या घरी झाली. हाही गुलामांचा मालक. तिथेच या कलमावरून खडाजंगी उडाली. व्हर्जिनियात कोक गुलामगिरीविरुद्ध बोलले, तेव्हा एका श्रीमंत बाईने जमावाला सांगितलं, की त्यांना शंभर फटके मारा, पन्नास पौंड देते. २६ मे १७८५ ला कोक आणि ॲस्बरी थेट जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या माउंट व्हर्नन या मळ्यावर जाऊन धडकले आणि गुलाममुक्तीच्या अर्जावर सही मागितली. वॉशिंग्टन यांनी जेवायला घातलं, आपल्याला विचार पटतो असं सांगितलं, पण सही दिली नाही. आणि जूनमध्ये, म्हणजे अवघ्या सहा महिन्यांत, चर्चने ते कलम स्थगित केलं.

का? कारण सरळ होतं. दक्षिणेतले मळेवाले म्हणू लागले, हे कलम ठेवलंत तर आमच्या गुलामांसमोर प्रवचन करू देणार नाही, आमची दारंही तुम्हाला बंद. ॲस्बरीला तर रोज कुणाच्या तरी दारात घोडा बांधायचा होता. ज्याला स्वतःचं घर नाही, त्याला दुसऱ्याच्या घराचे नियम पाळावे लागतात. आत्ता माघार घेऊ, माणसं जोडू, पुढे बघू, असं ठरलं.

ते पुढे कधी आलंच नाही. १८०८ मध्ये तर सर्वोच्च सभेने साउथ कॅरोलायनासाठी नियमावलीच्या वेगळ्या एक हजार प्रती छापायचं ठरवलं. त्यात गुलामगिरीचा भागच नव्हता. सभेचा अध्यक्ष होता ॲस्बरी. पुढच्या वर्षी त्याने रोजनिशीत स्वतःशीच प्रश्न मांडला, की गुलामांच्या मुक्तीपेक्षा त्यांची स्थिती थोडी सुधारली आणि त्यांच्या आत्म्याचं भलं झालं, तर तेवढं पुरे नाही का? १७८० सालच्या ॲस्बरीला हा माणूस ओळखूही आला नसता.

मधल्या काळात सगळं काही निराशेचंच होतं असं नाही. हॅरी होझिअर नावाचा कृष्णवर्णीय उपदेशक ॲस्बरीबरोबर फिरायचा. त्याला वाचता येत नव्हतं, पण प्रवचन असं, की गोरे लोकही खास त्याला ऐकायला यायचे. ॲस्बरीने कॉलेजही काढलं बरं का! कोक आणि ॲस्बरी मिळून नाव कोक्सबरी. मेरीलँडमध्ये १७८७ मध्ये सुरू झालं. पहाटे पाचला उठायचं. खेळ पूर्ण बंद. करमणूक म्हणजे बागकाम, चालणं, घोडेस्वारी आणि सुतारकाम. आंघोळीच्या हौदात एका वेळी एकच जण, तोही एक मिनिट! आपल्या रेक्टरसरांनी कृपया हा परिच्छेद वाचू नये. १७९५ मध्ये ते कॉलेज जळालं. बाल्टिमोरला पुन्हा उभं केलं, तर वर्षभरात तेही जळालं.

आणि एक प्रसंग मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. रिचर्ड ॲलन हा जन्माने गुलाम. लाकडं तोडून, विटांच्या भट्टीवर राबून त्याने स्वतःचं स्वातंत्र्य पैसे मोजून विकत घेतलं होतं. ॲस्बरीने त्याला आपल्याबरोबर दक्षिणेत फिरायला बोलावलं. अटी अशा, की तिथल्या गुलामांमध्ये मिसळायचं नाही, बऱ्याचदा गाडीतच झोपावं लागेल, आणि मोबदला म्हणजे अन्न-वस्त्र. ॲलनने विचारलं, आजारी पडलो तर मला कोण बघणार? ॲस्बरीने सांगितलं, मलाही तेवढंच मिळतं. ॲलनचं उत्तर साधं होतं : तुम्ही आजारी पडलात तर तुम्हाला सांभाळणारी दारं आहेत, मला नाहीत. आणि त्याने नकार दिला.

इथे मी पुस्तक बाजूला ठेवलं. दोघांचाही त्याग खरा, दोघांचाही पगार सारखाच. तरी दोघांचं फिरणं सारखं नव्हतं. सालगड्याचा पोरगा आणि पाटलाचा पोरगा एकाच होस्टेलमध्ये एकाच कॉटवर झोपले, तरी दोघांच्या पाठीमागे उभी असलेली घरं वेगळी असतात. हे ॲस्बरीसारख्या सज्जन माणसालाही दिसलं नाही.

ॲलनने फिलाडेल्फियात एक जुनं लोहारकामाचं दुकान ओढून आणून त्याचं चर्च केलं, बेथेल. १७९४ मध्ये त्याच्या उद्घाटनाचं प्रवचन ॲस्बरीनेच केलं आणि १७९९ मध्ये ॲलनला डीकन म्हणून दीक्षाही त्यानेच दिली. म्हणजे दार उघडलं त्याने, पण अर्धंच.

शेवटच्या दिवसांत ॲस्बरीला चालवत नव्हतं. २४ मार्च १८१६ ला रिचमंडमध्ये त्याला उचलून आणून टेबलावर बसवलं, तसंच त्याने शेवटचं प्रवचन केलं. ३१ मार्चला व्हर्जिनियात एका परिचिताच्या घरी तो गेला. मृत्यूही दुसऱ्याच्याच घरात! सहाशेचे मेथडिस्ट दोन लाखांवर गेले होते. आणि त्यानंतर दोनच आठवड्यांच्या आत, एप्रिल १८१६ मध्ये, रिचर्ड ॲलन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी स्वतःचं स्वतंत्र चर्च स्थापन केलं. अर्ध्या दारातून वाकून जायला त्यांनी नकार दिला.

एकी टिकावी म्हणून ज्या प्रश्नावर गप्प बसले, त्याच प्रश्नावर १८४४ मध्ये मेथडिस्ट चर्च उत्तर-दक्षिण फुटलं. पुढे देशही फुटला, १८६१ ते १८६५ युद्ध झालं, लाखो माणसं मेली. १८७३ मध्ये महात्मा फुले यांनी आपला गुलामगिरी हा ग्रंथ अमेरिकेतल्या ज्या लोकांना अर्पण केला, ते लोक होते गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेले. पुण्यात बसून जोतीरावांना ती लढाई आपली वाटली होती. माझ्या आजीला फोटो बघून जे वाटलं, ते काही वेगळं नव्हतं.

पेरी हॉलचं घरही १८२४ च्या आगीत बरंच जळालं. दादाने पाठवला तो उरलेल्या घराचा फोटो.

आता शेवटचं, आणि हे लिहायचं की नाही याचा मी आठवडाभर विचार केला. मी ज्या मेसमध्ये जेवतो, तिथे ताटं उचलायला एक बारा-तेरा वर्षांचा पोरगा आहे. आम्ही सगळे त्याला ओळखतो, त्याच्याशी क्रिकेटवर बोलतो. तो शाळेत का जात नाही, हे कुणी विचारत नाही. कारण त्या मेसचा महिन्याचा दर बाकीच्यांपेक्षा कमी आहे. मागच्या टर्मला मी एकदा विषय काढला होता. मालक म्हणाला, भाच्याचं पोरगं आहे. मी गप्प बसलो. सबमिशन संपलं की बघू, असं मी आणि माझ्या रूममेट्सनी ठरवलं. सबमिशन संपून चार महिने झाले.

ॲस्बरीचं आयुष्य वाचण्याआधी मला वाटायचं, की चुकीच्या गोष्टी वाईट माणसांमुळे टिकतात. आता वाटतं, त्या पुढे बघू म्हणणाऱ्या चांगल्या माणसांमुळे जास्त टिकतात. ४ लाख किलोमीटर चालणाऱ्या माणसाचं एक पाऊल अडलं आणि त्याची किंमत कुणी दुसऱ्याने मोजली. मला तर रूमपासून मेसपर्यंत दोनशे मीटरच चालायचंय.

हा अंक तुमच्या हातात पडेल, तेव्हा भेटलात तर मला नक्की विचारा, गेलास का म्हणून.

— तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी